शाळेसमोरच्या तिठ्यावर राउंडअबाउट करणार म्हणतायत, पोरांना बरा की वाईट?

सायकलवाली_आई
नमस्कार मंडळी. सिंधुदुर्गातलं किनाऱ्यावरचं गाव, नगरपरिषद आहे पण गाव तसं गावच. हायस्कूलच्या गेटपासून पन्नासेक पावलांवर तिठा, एक रस्ता बंदरावर, एक बाजारात, एक वर हायवेला. रस्ता उखडून काँक्रिटचा करायचं घाटतंय आणि नकाशात तिठ्यावर राउंडअबाउट, म्हणजे गाड्यांनी वळसा घालून जायचा मधला गोल, दाखवलाय, पुढच्या सर्वसाधारण सभेत विषय येणार असं ऐकलं. माझी लेक सहावीत, सायकलने जाते. सव्वादहा-साडेदहाला तिथे बर्फाचं पाणी गळणारे मच्छीचे टेम्पो, चिऱ्यांचे डंपर, रिक्षा, एसटी आणि डिसेंबरात मोबाईलवर रस्ता शोधत येणारे पर्यटक, सगळे एकदमच. आत्ता निदान एक स्पीडब्रेकर आहे, खालून गाडी घासेल म्हणून तरी थांबतात. गोल केला की थांबायचा प्रश्नच नाही ना, सगळे फिरतच राहणार, मग पोरांनी रस्ता ओलांडायचा कधी? पालकांच्या ग्रुपवर निम्मे म्हणतात सिग्नल मागा. कोणाला माहिती असेल तर सांगा प्लीज.

सुरमई_फ्राय
गोल म्हणजे आधी भूमिपूजन, मग कारंजं, मग कारंजं बंद, मग त्यात डास आणि वर वाढदिवसाचे फ्लेक्स 😄 पोरं क्रॉस करोत न करोत, भाऊंचा फोटो चारी बाजूंनी दिसला पाहिजे.

चिरेबंदी
हसण्यावारी नेऊ नका, फ्लेक्सचा मुद्दा खरा आहे, वळणावर फ्लेक्स लागला की सहावीतलं पोर ड्रायव्हरला दिसतच नाही.

ताई, मी रस्त्यांच्या डिझाइनचं काम करतो, मूळचा रत्नागिरीकडचा. तुमची शंका बरोबर आहे, पण राउंडअबाउटचं काम गाडी थांबवणं नाही, ती हळू करणं आहे. सरळ जाता येत नाही, वळावंच लागतं, म्हणून वेग वीस-पंचवीसवर येतो, आणि चाळीसची गाडी वीसवर आली की तिच्या धडकेतली ताकद निम्मी नाही, पाव होते. सिग्नलला उलट, हिरवा जायच्या आत निघायचं म्हणून लोक पिळतात, आणि लाईट गेली की तोही गेला.

पुस्तकात लिहितात की चौकात गाड्या एकमेकींना भिडायच्या जागा ३२ असतात आणि गोल केला की ८ उरतात. सभेत कोणीतरी हा आकडा फेकणार, पण तो चार रस्त्यांचा आहे. तुमचा तिठा, तिथे ९ च्या ६ होतात. फायदा आहेच पण जादू नाही.

सगळं आकारावर आहे. मोठा ऐसपैस गोल केला तर गाड्या आतून भरधाव निघतात, तो शाळेपाशी नकोच. छोटा करायचा तर साधारण १३ ते २७ मीटर व्यासात मिनी राउंडअबाउट बसतो, पण त्याचा मधला गोल चपटा ठेवायचा, मोठी गाडी वरून जाईल असा. म्हणजे कारंजं बाद, पुतळाही बाद. झेब्रा गोलाच्या तोंडाशी मारायचा नाही, एक गाडी मागे, सहाएक मीटरवर, आणि मध्ये दोन लेनना फोडणारं बेट, म्हणजे पोर आधी उजवीकडे बघेल, अर्ध्यात थांबेल, मग डावीकडे बघेल. एका वेळी एकच बाजू. माझ्या मते हे बेट गोलापेक्षा महत्त्वाचं आहे आणि खर्च वाचवायचा म्हणून पहिलं तेच कापतात. इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी ६५ म्हणून गाइडलाइन आहे, २०१७ ला सुधारली, तिचं नाव घेऊन विचारा.

जाता जाता, नियमातला स्पीडब्रेकर ३.७ मीटर लांब आणि १० सेंटीमीटर उंच असतो. तुमच्याकडे गाडी घासते म्हणजे कोणीतरी रात्री डांबराचा बांध घातलाय 🙂

खाकी_निवृत्त
मी एसटीला एकतीस वर्षं काढली, बरीचशी किनाऱ्यालाच. साहेबांनी लिहिलं ते ठीक पण गाडी कशी वळते ते ड्रायव्हरला विचारा. आपली गाडी अकरा-बारा मीटर, पुढचं चाक रस्त्यावर असतं तेव्हा मागचं आतून कापत येतं. ताई, तुमच्या तिठ्यावर बाजाराकडच्या कोपऱ्याला जा आणि गटाराच्या कडेचे चिरे बघा. अशा प्रत्येक तिठ्यावर काळे घासलेले चिरे मिळतील, ते मागच्या टायरने. आणि सावली असली तर पोरं नेमकी त्याच चिऱ्यावर उभी असतात. मी आरशात एक डोळा तिथेच ठेवायचो. गोल करा पण आधी गाडी फिरवून बघा, कागदावर सगळ्या गाड्या वळतात.

आणि उजवीकडून येणाऱ्याला आधी सोडायचं हे आपल्याकडे किती जणांना माहीत आहे? परीक्षेला सगळे सांगतात.

चिरेबंदी
काका, लाख बोललात. इंग्लंडमध्येसुद्धा गोल आधीपासून होते पण आत असलेल्याला आधी जाऊ द्यायचा नियम १९६६ ला आला, तोवर आतच गाड्या अडकून बसायच्या. नुसता गोल बांधून भागत नाही.

व्हाळावयलो
गोल करा नायतर चौकोन करा, माका काय नाय. पण पावसात डोंगराचा पाणी रस्त्यार येता ता पयला बंद करा. काँक्रिट करून रस्तो वीतभर वर उचलतले आणि पाणी शाळेच्या गेटात. आमच्याकडे तसाच झाला, पोरा दोन म्हयने चप्पल हातात घेवन जायत.

अर्जदार
यांचं पाणी सगळ्यात महत्त्वाचं, गटाराचा उतार नकाशात मागाच. सायकलवाली ताई, आधी रस्ता कोणाचा ते बघा. हायवेकडचा फाटा सार्वजनिक बांधकामचा असेल तर नगरपरिषदेच्या एकट्या ठरावाने भागणार नाही. ग्रुपवर भांडण्यापेक्षा शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या, तिच्यात ७५ टक्के पालकच असतात, आणि मुख्याधिकाऱ्यांना लेखी द्या, प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. नकाशा देत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज टाका, तीस दिवसांची मुदत असते, म्हणजे आजच टाका. कोपऱ्यावरचं झाड जाणार असेल तर १९७५ चा झाडांचा कायदा आहे, परवानगीशिवाय तोडता येत नाही.

सायकलवाली_आई
सगळ्यांचे आभार. काका, काल संध्याकाळी मुद्दाम जाऊन बघितलं. चार चिरे काळे आहेत आणि पाचवा फुटलाय. लेकीला विचारलं तू कुठे थांबतेस गं, तर तिने सरळ तिथेच बोट दाखवलं. आंब्याची सावली आहे म्हणे.

टेपने मोजलं, सगळ्यात अरुंद जागी कंपाउंडपासून दुकानाच्या पायरीपर्यंत साडेसतरा मीटर भरतं, म्हणजे मिनीच. समितीच्या अध्यक्षांशी बोलले, नगरसेवकांनाही बोलावलंय. रविवारी सकाळी सातला, गर्दी व्हायच्या आत, ग्राउंडवर मारतात ती फक्की घेऊन तिठ्यावर गोल आखणार आणि पहिली एसटी येईल ती त्यावरून कशी जाते त्याचा व्हिडिओ काढणार. काका, तुम्ही जवळपास असाल तर याल का? फक्की शाळेतून मिळतेय, दोरी आहे, मध्ये खुंटी म्हणून नारळ ठेवू.

खाकी_निवृत्त
येतो. नारळ नको, चाकाखाली गेला तर फुकट जाईल. जुना टायर आणतो.