सासवड–मगरपट्टा रोजचं, लाखाच्या आत कोणती इलेक्ट्रिक दुचाकी घ्यावी? गल्लीत दुरुस्त होणारी हवी

दिवेघाटी
मंडळी सल्ला द्या. रोज सासवडहून मगरपट्टा, जाऊन येऊन पन्नासेक किमी होतात, वाटेत दिवे घाट. सध्याच्या १२५ ला महिन्याला तीनेक हजाराचं पेट्रोल लागतं. इलेक्ट्रिक घ्यायचीय पण जरा पळणारी पाहिजे, आणि मेन म्हणजे बिघडली तर आपल्या इथे उघडणारा माणूस पाहिजे, कारण मित्राची गाडी (कंपनीचं नाव नको) एका कनेक्टरसाठी अडीच महिने सर्व्हिस सेंटरला पडून होती आणि हा बिचारा एसटीने जात होता. दुसरं, ओळखीतला एकजण सायकलला १००० वॅटचं किट बसवून देतो, पस्तीस हजारात, पंचावन्न पळते म्हणतो. मोह होतोय खरं सांगायचं तर.

नारायणपेठी
किटचा मोह सोड. २५० वॅटपर्यंत, २५ च्या स्पीडला आणि बॅटरी सोडून ६० किलोच्या आत असेल तरच ती कायद्याने सायकल. त्यापुढे ती मोटार वाहन झाली, म्हणजे नोंदणी, लायसन, विमा सगळं आलं. तुझ्या त्या पंचावन्नवालीला यातलं काहीच नाही. घाटात कुणाला धडक बसली तर भरपाई तुझ्या खिशातून, आणि सायकलचे ब्रेक त्या स्पीडसाठी नसतातच.

डच_सदाशिव
मी आइंडहोवेनला असतो. इथे ४५ वाली सायकल रीतसर मिळते पण तिलाही पिवळी नंबर प्लेट, विमा, मोपेडचं लायसन आणि हेल्मेट लागतंच. आणि किंमत ऐकलीस तर स्कूटरच घेशील 😀

हॉलसेन्सर
माझं रिपेरिंगचं दुकान आहे म्हणून लिहितो. लोक रेंज विचारतात, मी म्हणतो आधी कंट्रोलर (बॅटरीतून मोटरला वीज सोडणारा डबा) सुटा मिळतो का ते विचारा. काही गाड्यांना कंट्रोलर बदलला की कंपनीचा लॅपटॉप लावल्याशिवाय गाडी तो ओळखतच नाही, मग आम्ही बाहेरचे काय डोंबल करणार. मोटर सहसा जळत नाही, जातात ते हॉल सेन्सर (मोटर फिरताना कुठे आहे ते कंट्रोलरला सांगणारे), वायरिंगचे सॉकेट, चार्जर. हॉल सेन्सर चिल्लर किमतीचा पार्ट आहे पण हब मोटर, म्हणजे चाकातच बसवलेली मोटर, उघडून परत पाणी न जाईल अशी बसवणं सगळ्यांना जमत नाही. पावसाळ्यात निम्मं काम तर गंजलेल्या कनेक्टरचंच असतं. आणि कृपा करून मोटरच्या एक्सलवर प्रेशरचं पाणी मारू नका, कितीदा सांगायचं.

दिवेघाटी
हॉलसेन्सर दादा, घाटाचं काय? सगळे म्हणतात घाट बॅटरी खातो.

हॉलसेन्सर
वाटतो तेवढा नाही खात. गाडी आणि तू मिळून १९० किलो धर, चढ दोनशे मीटर, तर हिशोबाने १०० वॅट-अवर, लॉस धरून १३०. म्हणजे सपाट रस्त्यावरचे चार-पाच किमी. घाटात त्रास होतो तो गरम होण्याचा, त्यात तुझा चढ संध्याकाळी, बॅटरी उतरलेली असताना, आणि बॅटरी खाली गेली की बऱ्याच गाड्या स्वतःहून पॉवर कमी करतात. मागे ट्रक हॉर्न मारतोय आणि तू तीसने चाललायस. किमीला ३० वॅट-अवर धरले तर दिवसाला घाटासकट १.६ युनिट जाईल. २.२ युनिटची बॅटरी आज पुरेल, तीन-चार वर्षांनी ओढाताण होईल. ३ च्या आसपासची घे. अजून एक, सकाळी १०० टक्के भरून घाट उतरू नको, भरलेल्या बॅटरीत रीजनची (उतारावर मोटरच गाडी रोखून जी वीज बनवते ती) वीज जाणार कुठे, सगळा भार ब्रेकवर येतो. नव्वदला चार्जिंग बंद कर.

फुरसुंगीची_ताई
माझी टीव्हीएसची आयक्यूब स्कूटर आहे, हब मोटर, बॅटरी फिक्स. गाडी मस्त, पण मी तिसऱ्या मजल्यावर राहते आणि पार्किंगमध्ये पॉइंट घ्यायला सोसायटीने आठ महिने मीटिंगा केल्या. तुम्हाला खाली प्लग नसेल तर बॅटरी निघणारीच घ्या. हिरोच्या विडाच्या निघतात, रिव्होल्टचीपण निघते, फक्त मोटारसायकलची बॅटरी जिन्याने रोज उचलायची म्हणजे सिलेंडरवाल्याबद्दल आदर वाढतो.

नारायणपेठी
मी तर रिव्होल्ट आरव्ही१ ची ३.२४ वाली बघ म्हणेन. मोटर मधे आहे, पुढे साधी चेन, त्यामुळे चेन-स्प्रॉकेट, टायर, ब्रेक कुठलाही मेकॅनिक बघेल. टॉप ७० च आहे, पण तुझ्या रस्त्याला त्यापुढे पळवणार कुठे. चेतकची पत्र्याची बॉडी मला आवडते, ठोकली तर गॅरेजवाला सरळ करून देतो, पण ३ च्या आसपासची घेतलीस तर ऑनरोड लाखाच्या आत बसवताना घासाघीस आहे. काहीही घे, वॉरंटी संपल्यावर नवी बॅटरी केवढ्याला, ते आत्ताच लेखी माग. तोंडी सगळे 'काळजी करू नका सर' म्हणतात.

दिवेघाटी
घरी खाली प्लग आहे ताई, तो प्रश्न नाही. किट कॅन्सल. रविवारी हडपसरला दोन शोरूम बघतो. पण ते टेस्ट राइड सर्व्हिस रोडवर देतात, तेही पाच मिनिटं.

हॉलसेन्सर
तिसऱ्यांदा गेलास की घाटापर्यंत देतात, गिऱ्हाईक पक्कं वाटलं पाहिजे. बॅटरी तीस टक्क्यावर असलेली गाडी माग, आणि वहिनींना मागे बसवून घाट चढव. वर जाऊन मोटरला हात लावून बघ, जरा जपून.

दिवेघाटी
बायको म्हणतेय मोटर तापली नाही तरी मी तापेन, उन्हाचं नेऊ नका. संध्याकाळी जातो, येऊन इथेच लिहितो.