नेपल्स ते सिसिली बस आणि फेरीने एका दिवसात झेपेल का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय, समजून घ्या. मेच्या शेवटी आमचा सोसायटीचा ग्रुप इटलीला चाललाय, एकूण २४ जण, सगळे पंचावन्नच्या पुढचे, दोघी तर पंचाहत्तरी ओलांडलेल्या. टूर कंपनी नाही, आमचं आम्हीच ठरवतोय, रोमपासून ड्रायव्हरसकट बस घेतलीय. रोम, नेपल्स सगळं जमलंय, घोळ आहे तो सिसिलीला जायच्या दिवसाचा.

प्लॅन असा होता की सकाळी आठला नेपल्स सोडायचं, वाटेतच आहे तर पॉम्पे (ज्वालामुखीत गाडलं गेलेलं जुनं शहर) बघून घ्यायचं, मग खाली इटलीच्या टोकाचं बंदर विला सान जोवान्नी, तिथे बस फेरीबोटीवर चढवून सिसिलीतलं मेसिना, आणि रात्री पुढे किनाऱ्यावरच्या जार्दिनी नाक्सोसला मुक्काम. नेपल्सपासून साधारण साडेपाचशे किमी होतात. हे बसवाल्यांना मेल केलं तर उत्तर आलं, पॉम्पे काढा नाहीतर दुसऱ्या ड्रायव्हरचे पैसे भरा! झालं, तेव्हापासून ग्रुपमधे दोन तट पडलेत. आमचे सेक्रेटरीकाका म्हणतात पैसे उकळायचे धंदे आहेत, ड्रायव्हरच्या हातात शंभर युरो ठेवू, आपल्याकडे नाही का लोक रात्रभर गाडी मारून गोव्याला जात. बाकीच्यांचं म्हणणं पॉम्पेच नको. मला स्वतःला पॉम्पे सोडायचं नाहीये, एवढं लांब जाऊन ते न बघता यायचं म्हणजे काय.

तर प्लीज सांगा, ड्रायव्हरच्या तासांचा नियम खरंच एवढा कडक असतो का? आणि फेरीवर बसमधून उतरावं लागतं का, की दाभोळ-धोपाव्यासारखं आपापल्या गाडीत बसून राहिलं तरी चालतं, कारण दोघींचे गुडघे जिन्याला तयार नाहीत. शिवाय कोणीतरी सुचवलं की नेपल्सहून रात्रीची बोट थेट सिसिलीतल्या पालेर्मोला जाते, बससकट. केली आहे का कोणी? बोट लागणारे चारजण आहेत. आणि खाण्याचं बोला, निम्मे शाकाहारी, त्यात तीन जैन.

मिलानकर_मावशी
काकांना सांगा शंभर काय पाचशे दिले तरी तो ऐकणार नाही. बसमधे टॅकोग्राफ नावाचं यंत्र असतं, त्यात ड्रायव्हरचं कार्ड घातलेलं असतं, कधी निघाला कधी थांबला सगळं नोंदलं जातं आणि पोलीस रस्त्यात अडवून बघतात. दिवसाला ९ तास ड्रायव्हिंग, आठवड्यातून दोनदाच १० चालतात. साडेचार तासांनंतर ४५ मिनिटं ब्रेक. पण तुमचं घोडं अडलंय ते ड्रायव्हिंगवर नाही, विश्रांतीवर. २४ तासांत त्याला सलग ११ तास विश्रांती लागते, म्हणजे आठला सुरू केलं तर रात्री नऊपर्यंत बस जागेवर उभी पाहिजे. तुम्ही पॉम्पेत फिरत असाल तेव्हाही त्याचं घड्याळ चालूच. ही विश्रांती ९ तासांवर आणता येते, पण मोजक्याच वेळा, आणि ती सवलत कंपन्या अडीअडचणीसाठी राखून ठेवतात, प्लॅनमधेच घालून टाकत नाहीत.

आता हिशोब करा. पॉम्पेतून बाराला निघालात (२४ जण बाराला निघतील? बरं), पुढे पाचशे किमी, मोठ्या बसला मोटरवेवर १०० ची मर्यादा आणि खालच्या टोकाच्या कालाब्रिया भागात सगळा डोंगर आणि बोगदे, त्यामुळे सरासरी ८० धरा. जेवण, टॉयलेट, फेरीची रांग. नऊ वाजलेच, आणि कुठे ट्रॅफिक लागला की संपलं. बसवाले बरोबर बोलतायत.

गुडघेदुखी_क्लब
मेसिनाच्या फेरीवर आम्हाला सगळ्यांना उतरवून वर पाठवलं होतं. जिना अरुंद आणि उभा, वीस मिनिटांचा प्रवास, त्यातली दहा चढण्या-उतरण्यातच गेली. पण वरून दिसतं छान, मेसिना बंदराच्या तोंडाशी खांबावर मॅडोनाची सोनेरी मूर्ती आहे. रेल्वेची बोट दिसली तर नक्की बघा, रोमहून येणारी ट्रेन डबे सुटे करून बोटीच्या पोटात घालतात.

खारा_वारा
रात्रीची बोट घ्या, डोळे मिटून. मी सासू-सासऱ्यांना घेऊन गेलोय. संध्याकाळी आठच्या आसपास सुटते, दहा-अकरा तासांनी पहाटे पालेर्मो. तुमच्या भांडणाचं उत्तर यातच आहे, दिवसभर निवांत पॉम्पे करा, संध्याकाळी नेपल्स बंदरावर परत, आणि ड्रायव्हरला केबिन दिलीत तर त्याची विश्रांती बोटीवर मोजली जाते. चढता-उतरताना त्याला मधे उठावं लागतं, तेवढी सूट नियमातच आहे. तरी बसवाल्यांकडून लेखी घ्या.

काही गोष्टी लक्षात ठेवा. बोट सुटली की गाड्यांचा मजला बंद करतात, मग बसमधे राहिलेली बीपीची गोळी सकाळीच मिळते, म्हणून प्रत्येकाची छोटी बॅग वेगळी. चारजणांच्या केबिनमधे वरचे बर्थ शिडीचे, ते ज्येष्ठांच्या गळ्यात मारू नका, त्यांच्यासाठी दोघांत एक केबिन घ्या. खुर्च्यांचं तिकीट स्वस्त पडतं पण या वयात नको. नावं पासपोर्टवरच्या स्पेलिंगप्रमाणे द्या. बोट लागणाऱ्यांनी गोळी सुटायच्या आधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर नाही.

पोटोबा_आधी
आरांचिनी म्हणजे तळलेले भाताचे गोळे सगळीकडे दिसतील आणि शाकाहारी वाटतील, तर सावध. 'रागू'वाल्यात खिमा असतो. 'बुर्रो' म्हणजे लोणी म्हणून घ्याल तर त्यात बहुतेकदा हॅम. पालकवाला मागा. कान्नोली म्हणजे आत गोड चीज भरलेली तळलेली नळी, तिच्या बाहेरच्या कवचात पारंपरिक पद्धतीत डुकराची चरबी असते, विचारून खा. पार्मेजान चीजमधे वासराचं रेनेट (दूध विरजायला वापरतात तो वासराच्या पोटातला अर्क) असतं, हे जैनांना आधीच सांगा, नंतर सांगितलंत तर सगळी ट्रिप तोच विषय. पालेर्मोत पानेल्ले मिळतात, बेसनाचे तळलेले काप, सगळे खूश होतील. पास्ता आल्ला नोर्मा मस्त, पण वांगं-लसूण, म्हणजे जैनांना बाद. ग्रानिता (किसलेल्या बर्फासारखं गोड थंड) लिंबाची घ्या.

ता.क. केबिनमधे केटल लावू नका, बारमधे गरम पाणी मागा.

धागाकर्ती
सगळ्यांचे खूप आभार, मावशींचा हिशोब जसाच्या तसा ग्रुपवर टाकला, काकांनी नुसता अंगठा दिला म्हणजे पटलंय. रात्रीची बोटच करतोय. आता पालेर्मोला सकाळी सातला उतरल्यावर हॉटेल नाही, रूम नाही, २४ जणांची आंघोळ राहिलेली, अशा वेळी थेट जवळच्या मोनरेआले गावचं कॅथेड्रल बघायला जावं की आधी कुठे टेकावं?

खारा_वारा
आंघोळ बोटीवरच उरका, केबिनमधे शॉवर असतो, पहाटे पाचला उठवा सगळ्यांना. मग बंदराजवळ नाश्ता आणि मोनरेआले. तिथली सोनेरी मोझेक बघायला मान वर करून बराच वेळ लागतो, बसायला बाक आहेत. दुपारी समुद्रकाठचं चेफालू गाव, ७० किमी. नाक्सोस त्याच दिवशी गाठायचा हट्ट करू नका, चेफालूला एक रात्र टाका.