राजगड–तोरणा एका दिवसात: पाणी किती न्यावं, बालेकिल्ला करावा का?

कारवी:
जानेवारीत मी आणि बाबा राजगड–तोरणा करायचं म्हणतोय. आदल्या रात्री राजगडाच्या पायथ्याला गुंजवण्यात मुक्काम, पहाटे चोर दरवाजाने वर, संजीवनी माचीवरून दोन्ही किल्ल्यांमधल्या डोंगरधारेला लागायचं आणि तोरणा उतरून वेल्ह्यात. बाबा ६१ वर्षांचे आहेत. पर्वती रोज चढतात, पण एवढी लांब चाल बऱ्याच वर्षांत झालेली नाही. माणशी किती पाणी घ्यावं? वाटेत मिळतं का? आणि राजगडाचा बालेकिल्ला करावा का?

घाटमाथा:
आधी पाण्याचं. धारेवर भरवशाचं पाणी नाही, त्यामुळे राजगड सोडताना माणशी चार लिटर हवंच. पण ते गुंजवण्यातून वाहून नेऊ नका. खालून दीड लिटर घ्या, पद्मावती मंदिराजवळच्या टाक्यात बाकीचं भरा, गाळून औषध टाकून. चोर दरवाजाच्या शेवटच्या उभ्या टप्प्यात रेलिंग धरून चढावं लागतं, तिथे सॅक हलकी असलेलीच बरी.

बालेकिल्ला या वेळी सोडा. त्याचे दीड-दोन तास तुम्हाला संजीवनीवर द्यायचे आहेत. ती माची तोरण्याच्या दिशेने लांबच लांब पसरलेली आहे आणि तिची दुहेरी तटबंदी निवांत बघायची गोष्ट आहे. दोन तटांमधल्या अरुंद जागेत उतरून बघा. घाईघाईत तिथून जाणारे लोक पाहिले की मला खरंच वाईट वाटतं.

संजीवनीच्या अळू दरवाजातून उतरलात की धार लागते. उतार मुरमाड, त्यावर वाळलेलं गवत, पाय घसरतो. बाबांना काठी द्या, दोन असतील तर उत्तम. पुढे ढोरवाटा फार फुटतात. वाट खाली दरीकडे ओढायला लागली की थांबायचं आणि परत माथ्याकडे यायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मधल्या खिंडीत डांबरी रस्ता धार ओलांडतो. पुढे जायचं की नाही हे तिथे ठरवायचं. एक वाजायच्या आत पोचलात आणि बाबांचे गुडघे कुरकुरत नसतील तरच तोरण्याला हात घाला. पुढचा चढ तोरण्याच्या बुधला माचीचा, तोही दुपारचं ऊन थेट तोंडावर घेत, कारण तुम्ही पश्चिमेला चालत असता. शेवटी लोखंडी शिडी आहे. आणि १४०३ मीटरवरून वेल्ह्यात उतरायचं बाकी असतंच. साठीच्या माणसाची खरी परीक्षा त्या उतारावर होते, चढावर नाही.

पायपीट:
बाकी सगळं पटलं, बालेकिल्ल्याचं नाही. बाबा परत कधी येणार? महादरवाजातून वर जाऊन सुवेळा आणि संजीवनी दोन्ही माच्या एका नजरेत बघितल्याशिवाय राजगडाची रचना कळत नाही. पहाटे पाचला निघालात तर जमेल.

घाटमाथा:
रचना कळते, मान्य. पण ते दोन तास बुधल्याच्या चढाच्या वेळेतून कापले जातात, आणि मग तोरण्याच्या बिनी दरवाजातून अंधारात उतरायची वेळ येते. वयस्कर माणूस सोबत असताना मी ते करणार नाही. बालेकिल्ल्यासाठी राजगडाची वेगळी फेरी करा, पाली दरवाजाच्या पायऱ्यांनी. बाबांना ती वाट आवडेल.

कारवी:
बाबांना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, बालेकिल्ला पुढच्या वेळी. खिंडीतून परत फिरायचं झालं तर गाडी मिळते का?

घाटमाथा:
आयत्या वेळी मिळेल या भरवशावर राहू नका. गुंजवण्यात ज्यांच्या घरी उतराल त्यांनाच आदल्या रात्री विचारा आणि जीपवाल्याचा नंबर कागदावरही लिहून घ्या, धारेवर रेंज येते-जाते. वेल्ह्यात उतरलात तर स्वारगेटची एसटी आहे, तिची वेळ मात्र निघायच्या आधी विचारून ठेवा. आणि त्या घरी पिठलं-भाकरी बांधून मागा. तोरण्यावरच्या मेंगाई मंदिराच्या ओसरीत बसून खायला दुसरं काही नको.