मदत हवी आहे: खारवलेल्या बदकाच्या अंड्यांच्या बलकाला तेल सुटत नाही

सध्या शांघायला राहते. इथे पेजेबरोबर मिळणारी खारी अंडी (श्येनयादान) घरी करून बघतेय. गाओयौच्या (अशा अंड्यांसाठी प्रसिद्ध चिनी शहर) अंड्यांसारखा केशरी, रवाळ, कापताच तेल सुटणारा बलक हवा आहे.

दोनदा केली. दोन्ही वेळा दीड लिटर पाण्यात ३५० ग्रॅम जाडं मीठ, चक्रीफूल आणि सिचुआन मिरी (आपल्या तिरफळाची बहीणच) उकळून पूर्ण गार केलं, दोन चमचे बायज्यू (धान्याची कडक चिनी दारू) घातली. अंडी ताजी, न तडकलेली, धुऊन पूर्ण वाळवलेली. काचेची बरणी, वरून वाटीचं वजन, त्यामुळे सगळी बुडालेली होती. स्वयंपाकघरात साधारण २० ते २२ अंश.

पहिली २१ दिवसांनी उकडली: बलक कडेने घट्ट, मध्ये मऊ आणि फिका. दुसरी ३५ दिवस ठेवली. बलक जरा सुधारला, पण तेल नाहीच, आणि पांढरं इतकं खारट की पेजेबरोबरही खाववेना. वास मात्र दोन्ही वेळा चांगला होता.

नुसता बलक मिठात पुरून ठेवायची युक्ती माहीत आहे, पण मला अख्खं अंडं खायचं आहे. माती, राख आणि मिठाचा लेप देतात तेही वाचलंय. माझ्याकडे कुंडीतली खत घातलेली माती आहे, ती अंड्यांना लावायची हिंमत नाही.

ज्यांनी स्वतः केली आहेत त्यांनी सांगा: मीठ कमी करून जास्त दिवस ठेवू, की मिठाच्या पाण्याने हे होतच नाही आणि लेपच द्यावा लागतो? लेपच असेल, तर माती कुठली घ्यायची?