पांढरं, फणा काढलेलं फूल दिसलं, हे शेवळं आहे का?

घाटवेडी: जूनअखेर महाबळेश्वरला झाडीतून चालताना जमिनीतून थेट वर आलेली पांढरी फुलं दिसली, फणा काढल्यासारखी, आत गळ्याशी जांभळट आणि बऱ्याच ठिकाणी पान अजिबात नाही, नुसता दांडा. सोबतचे म्हणाले शेवळं आहेत, भाजी होते. खरंय का? आणि याचा जमिनीतला कांदा आणून कुंडीत लावला तर पुण्यात जगेल का, मला फारच आवडलंय हे

पालघरकर: ताई भाजी अजिबात करू नका, ही शेवळं नव्हेत. शेवळाचा कोंब काळपट जांभळा असतो, तो सुरणाचा सख्खा भाऊबंद, पावसाच्या तोंडावर आमच्या बाजारात जुड्या येतात. ते करतानासुद्धा आतला पिवळा भाग काढून टाकतो आणि काकडं, म्हणजे काकड झाडाची आंबट फळं, घालतो, नाहीतर घसा असा खवखवतो की विचारू नका. अळू, सुरण, शेवळं, तुमचं हे फूल, सगळं एकाच कुळातलं, कॅल्शियम ऑक्झलेटच्या बारीक सुया असतात त्यानेच खाज येते.

देवराई: हा पांढरा सापकांदा, शास्त्रीय नाव अरिसीमा मरेयी, फक्त पश्चिम घाटातला. पहिल्या पावसात आधी फूल, पान मागून. दुसरा असतो हिरवा सापकांदा, अरिसीमा टॉर्टुओसम, त्याचा आतला दांडा फण्याबाहेर लांब येऊन वर वळतो, तो हिमालयातही आहे.
कांदा मात्र प्लीज उकरू नका. या झाडांचं नर-मादी कांद्यात साठलेल्या अन्नावर ठरतं, लहान असताना नर, काही वर्षं साठवून कांदा मोठा झाला की मादी, आणि फळं धरण्यात किंवा वाईट वर्षात साठा संपला की परत नर होतं. आपण आणतो ते सगळ्यात दणकट झाड, म्हणजे बहुतेक वेळा मादीच, बी धरणारं तेच गेलं तर त्या उतारावर नवीन रोपं यायची कुठून?

घाटवेडी: बापरे हे माहीतच नव्हतं, नाही आणणार. पण बघून नर मादी ओळखता येतं का?

देवराई: येतं, पण फूल फाडू नका. परागीभवन करतात बुरशीवर वाढणाऱ्या चिलटासारख्या माश्या, त्या फण्याच्या नळीत घसरतात. सापकांद्यांच्या बऱ्याच जातींत नराच्या नळीला तळाशी बारीक फट असते, तिथून माशी पराग घेऊन सुटते, मादीला फट नसते आणि माशी आतच मरते. त्यामुळे वाकून नळीचा तळ बघा. आणि पाऊस ओसरताना त्याच वाटेने गेलात तर ज्यांना लाल फळांचा घोस धरलाय त्या माद्या.