अनुभव धागा : युद्धसंग्रहालयांत माणसे कितपत दिसतात?

रणगाडे, पाणबुड्या आणि पदके आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. परंतु युद्धात माणसांचे काय होते, हे त्या दालनांत तुम्हांला कितपत दिसले, ते कृपया सविस्तर लिहावे. सुरुवात मीच करते.

नौपाडा, ठाणे
माझे सासरे ईएमईतून, म्हणजे रणगाडे आणि इतर यंत्रसामग्री दुरुस्त करणाऱ्या लष्कराच्या दलातून, निवृत्त झाले. त्यांना घेऊन आम्ही माळशेज घाटमार्गे अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय पाहायला गेलो. १९६५ च्या युद्धात हाती लागलेल्या पॅटन रणगाड्यापुढे फोटो काढणाऱ्यांची गर्दी होती, पण सासरे ‘विजयंता’ या आपल्या लष्कराच्या जुन्या रणगाड्यापाशी गेले, वाकून त्याच्या पट्ट्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “अगं, उन्हाळ्यात ह्याच्या आत पाना हातात धरवत नसे, फडकं गुंडाळावं लागे.” तोफ १०५ मिलिमीटरची, हे तिथे कोणीही सांगेल, त्या पोलादात चार माणसे कशी बसत, हे मला सासरे बरोबर होते म्हणून कळले.

नेरुळ
ताईंचे म्हणणे पटले. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर ‘कुरसुरा’ ही पाणबुडी संग्रहालय म्हणून ठेवलेली आहे. १९६९ साली नौदलात आलेली ही पाणबुडी ९१ मीटर लांब आहे, तरी आत दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावे लागते. टॉर्पेडोंच्या शेजारीच झोपण्याच्या फळ्या आहेत. ज्या निवृत्त नौसैनिकाने आम्हांला ती दाखवली, त्यांचा आवाज तिथे आपोआप खाली आला होता.

घोडबंदर रोड, ठाणे
हिरोशिमाच्या संग्रहालयात तीन वर्षांच्या शिनिचीची गंजलेली तीनचाकी सायकल आहे. बॉम्ब पडला तेव्हा तो तिच्यावर खेळत होता. वडिलांनी त्याला सायकलीसह घराच्या अंगणातच पुरले. १९८५ मध्ये त्याच्या अस्थी कबरीत हलवताना ती बाहेर काढली आणि संग्रहालयाला दिली. तिथे वस्तूबरोबर माणसाचे नाव येते. आपल्याकडे द्रासच्या कारगिल स्मारकात भिंतीवर हुतात्म्यांची नावे कोरलेली आहेत, पण आपली बहुतेक दालने पलटणीचे नाव सांगून थांबतात, याची मला मनापासून खंत वाटते.

कोपरखैरणे
आमचे मूळ गाव साताऱ्याकडे, ‘अपशिंगे मिलिटरी’ या गावाच्या जवळ. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले आणि त्यांचे स्मारक गावातच आहे. माझ्या आजीच्या ट्रंकेतही त्या युद्धातले एक पदक होते. अशा पदकांच्या काठावर सैनिकाचे नाव कोरलेले असते, हे मला फार उशिरा कळले; तोवर दर दिवाळीला चिंच लावून घासल्याने ती अक्षरे पुसट झाली होती. भिंगातून क्रमांकाचे तीन आकडे आणि शेवटी ‘राव’ एवढेच लागते. अशी अक्षरे वाचण्याचा कोणाला सराव असेल, तर कृपया कळवावे. मी पदक घेऊन ठाण्यास येईन.