वहीबरोबर गोळ्यांचा डबाही

डीआयडी (डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर) म्हणजे एकाच माणसात वेगवेगळ्या ओळखी, म्हणजे 'भाग', आळीपाळीनं पुढे येतात आणि मधल्या वेळाचं आठवत नाही असा मानसिक आजार. तो असलेल्यांना आठवणीसाठी 'रात्री झोपताना डायरी लिहा' असं सुचवलं जातं. वही हवीच, पण डीआयडीत रात्रीपर्यंत थांबून चालत नाही. दुपारी जो भाग पुढे होता त्याचं रात्रीच्या भागाला काहीच आठवत नसेल, तर लिहिणार कोण? म्हणून वही एकच, जागा ठरलेली, आणि नोंद लगेच: वेळ, ठिकाण, काय झालं, काय राहिलं, किती पैसे गेले. अक्षर वेगळं दिसलं, मजकूर झोंबला, तरी पान फाडू नका. त्या तासांचा तेवढाच पुरावा असतो.

राहिलेला मुद्दा गोळ्यांचा. डीआयडीवर खास असं औषध नाही, पण सोबतच्या नैराश्यासाठी बऱ्याच जणांना गोळ्या असतात. सकाळची घेतल्याचं आठवत नाही, मग परत घेतली जाते. वारांचे कप्पे असलेला डबा आणा, रविवारी भरा, उरलेली पाकिटं घरच्यांकडे द्या. कप्पा रिकामा म्हणजे गोळी घेतली. आठवणीवर भिस्त नको. आणि कोल्हापुरात केएमटीच्या (शहर बसच्या) गाडीतून रंकाळा तलावापाशी का उतरलो हेच कळेना झालं, तर कठड्याच्या गार दगडावर तळहात टेका, मोबाइलवरची तारीख मोठ्यानं वाचा, मग घरी फोन लावा.